झेलमची दाढ

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

श्वानपथकाच्या वार्षिक तपासणीचा दिवस होता. सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर रांगेत उभे होतो, प्रत्येकाच्या डाव्या पायाशी त्याचं कुत्रं. माझ्या पायाशी झेलम होती. आदल्या संध्याकाळी तिच्या उजव्या डोळ्याखाली जरासं फुगल्यासारखं वाटलं होतं, तेव्हा गांधीलमाशी डसली असेल म्हणून मी हळद लावली होती. सकाळी बघतो तर डोळा निम्मा मिटलेला, आणि त्याखाली लिंबाएवढा गोळा.

फौजदार सावर्डेकर साहेब तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. त्यांनी सुजेला नुसतं बोट लावलं, तशी ती कळवळून माझ्या पायामागं सरकली.

"गांधीलमाशी असंल साहेब," मी म्हणालो.

"गांधीलमाशी नाही. मी चोवीस वर्षं पोलिसात काढलीत, खिलारे. तोंडावर मारलेलं मला कळतं."

माझ्या उजव्या हाताला रंगनाथ दबडे उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो आता काहीतरी बोलेल, "साहेब, आनंदा असलं करणार न्हाई" एवढं तरी म्हणेल, याची मला खात्री होती. तो राष्ट्रगीत चालू असल्यासारखा समोर बघत उभा होता.

आमच्याकडं एका कुत्र्याला दोन माणसं असतात. पहिला हँडलर आणि दुसरा हँडलर. कुत्रं ऐकतं पहिल्याचं. पहिला रजेवर गेला की दुसऱ्यानं सांभाळायचं. झेलम डॉबरमन, काळीभोर, तपासाच्या कामाची. तिचा पहिला मी आणि दुसरा रंगा. आम्ही तिघांनी नऊ महिने एकत्र प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो, एकाच डब्यातलं खायचो. माझी आणि रंगाची मैत्री एवढी की पथकात आम्हाला "जोडी" म्हणूनच हाक मारायचे, आणि झेलमला "वरात".

माझा स्वभाव तापट, हे मी आधीच सांगून टाकतो. बायको म्हणायची, तुमचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, भांड्याखाली गॅस असेपर्यंतच. पण उतू गेलेलं दूध सगळ्यांना दिसतं. मी स्वयंपाक्यावर ओरडायचो, गाडीच्या ड्रायव्हरवर ओरडायचो. त्यामुळं साहेबांनी त्या सकाळी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिचं नवल कुणालाच वाटलं नाही.

"पट्टा दबडेकडं द्या," साहेब म्हणाले. "चौकशी होईपर्यंत तुम्ही मुख्यालयाच्या गेटवर. तिच्या जवळ जायचं नाही."

मी पट्टा रंगाच्या हातात दिला. झेलम माझ्याकडं बघत बसून राहिली. रंगानं दोनदा ओढलं तेव्हा उठली.

"काळजी करू नगं," रंगा हळूच म्हणाला. "मी हाय न्हवं."

तो आहे म्हणून मी खरंच काळजी केली नाही. आज हे लिहिताना माझीच मला कीव येते.

त्याच्या दीड महिना आधी माझी आई गेली होती. तेराव्यापर्यंतची रजा घेऊन मी गावी गेलो. परत आलो तेव्हा झेलमनं उड्या मारून मला पाडलं, सगळं नेहमीसारखं. पण जेवताना तिनं चपातीचा तुकडा उचलला, दोनदा हलवला आणि खाली ठेवला. मग दुधात भिजलेला तेवढा मऊ भाग डाव्या बाजूनं खाल्ला. चेंडू टाकला तर धावत गेली, नाकानं ढकलला, तोंडात घेतला नाही.

"हिला काय झालंय रं?" मी रंगाला विचारलं.

"रुसलीय तुझ्यावर," तो म्हणाला. "पंधरा दिस टाकून गेलास की. बाईमाणूस हाय, म्हैनाभर तरी धरणारच."

आम्ही दोघंही हसलो. मी एकदा तिच्या जबड्याला हात लावून "आ कर" म्हणालो, तिनं मान वळवली, आणि मी सोडून दिलं. आईच्या जाण्यानं माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. एरवी मी तिचं तोंड आठवड्यातून दोनदा उघडून बघायचो. त्या महिन्यात एकदाही बघितलं नाही. समोरचे दात पांढरेशुभ्र दिसत होते, तेवढ्यावर समाधान मानलं. ती चूक माझी, ती मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. रजेवर जायच्या थोडं आधी रंगा शहरातल्या दुकानातून झेलमसाठी एक खेळणं घेऊन आला होता. हाडाच्या आकाराचं, पांढरं, गुळगुळीत, वर कुत्र्याचं हसरं चित्र आणि "दात मजबूत होतात" असं छापलेलं. आमच्या वस्तादांनी प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसवली होती. कुत्र्याला चघळायला काहीही द्यायच्या आधी त्यावर आपलं अंगठ्याचं नख दाबायचं. नख रुतलं तर कुत्र्याला, नाही रुतलं तर कचऱ्याला. मी त्या हाडावर नख दाबलं. नख दुमडलं, पण हाडावर ओरखडासुद्धा उठला नाही. मी ते ओट्यावर आपटलं तर दगड आपटल्यासारखा आवाज आला.

"टाकून दे," मी म्हणालो.

"अरं, येवढ्या हौसेनं आणलंय. कुत्र्याचा दात म्हंजे काय, लोखंड फोडंल."

"टाकून दे म्हणतो न्हवं. लोखंड फोडायला गेली तर लोखंड फुटणार न्हाई."

"टाकतो बाबा, टाकतो," म्हणत त्यानं ते खिशात घातलं.

गेटवर उभा राहून तिसरा दिवस उजाडला आणि मला साहेबांच्या कार्यालयात बोलावणं आलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लसीकरणासाठी खेड्यांवर गेल्या होत्या, त्या गुरुवारी येणार होत्या. तोपर्यंत जबाब उरकून घेऊ, असं साहेबांनी ठरवलं होतं. रायटरनं, म्हणजे आमच्या लेखनिकानं, कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. जबाब रंगाचा होता.

"मी, पोलीस नाईक रंगनाथ दबडे, लिहून देतो की, पोलीस हवालदार आनंदा खिलारे यांना राग आवरत नाही. त्यांनी शनिवारी सकाळी, श्वान झेलम हिने हुकूम पाळला नाही म्हणून, तिला हातातील पट्ट्याने दोन वेळा मारले. एक फटका तोंडावर बसला. मारून झाल्यावर ते तिच्या गळ्यात पडून रडले व त्या दिवशी जेवले नाहीत."

रायटर थांबला.

"शनिवारी काय झालं, खिलारे?" साहेबांनी विचारलं.

"शनिवारी काही झालं न्हाई साहेब."

"मग हे गळ्यात पडून रडले, जेवले नाहीत, हे सगळं दबडेंनी मनानं रचलं? माणूस खोटं बोलताना एवढं बारीक सांगत नाही."

ते मनानं रचलेलं नव्हतं. ते घडलं होतं. पण त्या शनिवारी नव्हे, चार वर्षांपूर्वी, प्रशिक्षणाच्या सहाव्या महिन्यात. परीक्षकांसमोर झेलम वास सोडून एका शेळीमागं पळाली होती, सगळे हसले होते, आणि मैदानामागं नेऊन मी तिला पट्ट्यानं दोन फटके मारले होते. पाठीवर. ती पळाली नाही की गुरगुरली नाही, जमिनीला पोट लावून माझ्याकडं बघत राहिली. मग मीच तिच्या गळ्यात पडून रडलो. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी बसून मी हे रंगाला सांगितलं होतं. जगात फक्त त्याला. तो म्हणाला होता, "हे माझ्यापाशी ऱ्हाईल, आनंदा. जेव आता चार घास."

चार वर्षं त्यानं ते खरंच स्वतःपाशी ठेवलं. आणि लागलं तेव्हा काढलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"शुक्रवारपर्यंत तुमचं म्हणणं लेखी द्या," साहेब म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला, शालनला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"ते चार वर्सामागचं, पट्ट्यानं मारल्याचं, खरं हाय?"

"हाय."

"आन् ते तुमी त्येला सांगितलं." तिनं भाजीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "मला कधी बोलला न्हाईत."



गुरुवारी दुपारी दवाखान्यात झेलमला आणलं. डॉक्टर कानडे नवीन आलेल्या, तिशीच्या आतल्या, बोलायला स्पष्ट. साहेब आले होते, रंगा पट्टा धरून होता. मला नुसतं हजर राहायला सांगितलं होतं, म्हणून मी दाराबाहेर व्हरांड्यात उभा होतो. तिथून मला आतलं दिसत होतं.

झेलमनं मला पाहिलं आणि शेपटीचं ते बोटभर थोटूक हलवायला लागली. साहेबांनी ते पाहिलं.

"मला हिचं तोंड आतून बघायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला कोण हाताळतं?"

"मी," रंगा म्हणाला आणि त्यानं तिचा जबडा धरला. झेलमनं दात घट्ट मिटून मान झटकली. त्यानं पुन्हा धरला, तशी ती गुरगुरली. चार वर्षांत ती रंगावर कधी गुरगुरली नव्हती. तिसऱ्यांदा त्याचा हात जवळ आला तेव्हा ती टेबलावरून खालीच उतरली.

"भुलीचं इंजेक्शन देऊनच बघावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अंगात ताप आहे, म्हणून शक्यतो नको."

साहेबांनी दाराकडं वळून पाहिलं.

"खिलारे, या."

मी आत गेलो. झेलमला उचलून टेबलावर ठेवलं. तिचं डोकं माझ्या छातीशी धरलं आणि म्हणालो, "आ कर."

तिला दुखत होतं. तिच्या अंगातून थरथर माझ्या हाताला कळत होती. तरी तिनं तोंड उघडलं आणि उघडं ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी आत धरली, ओठ वर उचलला आणि जवळजवळ मिनिटभर बघत राहिल्या. मीही बघितलं.

"हे मारल्याचं नाही," त्या म्हणाल्या. "वरची मोठी दाढ उभी चिरलीय. बाहेरचा अख्खा तुकडा उडालाय, आतली नस उघडी पडलीय. या दाढेची मुळं थेट डोळ्याखाली असतात. तिथं पू झाला, म्हणून सूज वर आली. बघणाऱ्याला फटका बसल्यासारखंच वाटतं."

"कधीचं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ताजं नाही. तुटलेल्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. महिना, सव्वा महिना तरी झाला असेल. पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर ही वेळ आली नसती. हिला काही कडक चघळायला देता का? शिंग, दगड, नाहीतर ते बाजारात मिळतं ते पांढरं हाड? लोकांना वाटतं कुत्र्याचे दात कशानंही तुटत नाहीत. हे वर्षातलं माझं सहावं कुत्रं आहे."

मी मनात दिवस मोजले. सव्वा महिन्यापूर्वी मी गावी आईचं दहावं करत होतो. मी रंगाकडं बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

"ते हाड टाकलंस, रंगा?" मी विचारलं.

साहेब एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दबडे, बाहेर थांबा."

दाढ काढावी लागली. ताप उतरल्यावर दुसऱ्या दिवशी भूल देऊन काढली, आणि डॉक्टरीणबाईंनी ती स्टीलच्या वाटीत ठेवून मला दाखवली. बदामासारखी उभी फुटलेली. महिनाभर माझं कुत्रं ते तोंडात घेऊन माझ्यामागं धावत होतं आणि मी त्याला रुसवा समजत होतो.

व्हरांड्यात साहेब माझ्याजवळ आले. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हाताखालच्या माणसाची माफी मागितली असेल असं वाटत नाही, त्या दिवशीही मागितली नाही, पण खांद्यावर हात ठेवला.

"रायटरला कागद घेऊन बोलावलंय," ते म्हणाले. "दबडेंचा जबाब खोटा आहे, मी झेलमला कधीही मारलेलं नाही, एवढं दोन ओळींत द्या. पुढचं मी बघतो. उद्यापासून पट्टा तुमच्या हातात."

दोनच ओळी होत्या. लिहिल्या असत्या तर झेलम माझी होती, म्हातारी होईपर्यंत माझी. रायटरनं पेनसुद्धा टोपण काढून पुढं केलं होतं.

"शनिवारी मारलं न्हाई साहेब," मी म्हणालो. "पण कधीच न्हाई असं न्हाई लिहिता येणार. प्रशिक्षणात एकदा मारलं हुतं. पट्ट्यानं. पाठीवर, दोन फटके."

साहेबांनी हात खांद्यावरून काढला.

"हे तुम्ही आता बोलायला नको होतं, खिलारे."

"व्हय साहेब."

"रायटरसमोर बोललात. मला ते लिहावं लागेल."

आमच्या पथकात पट्ट्यानं मारल्याची नोंद झालेला माणूस कुत्र्यावर ठेवत नसत. कायदा चांगला होता. मीच नव्या पोरांना तो सांगायचो. रंगाची बदली तालुक्याच्या ठाण्यात झाली, माझी गेट ड्यूटी कायम झाली, आणि झेलमला सुरेखा माने नावाच्या नव्या कॉन्स्टेबलच्या हाती दिलं. मुलगी गुणी होती. मी तिला एक अख्खी सकाळ झेलमच्या सवयी सांगितल्या, कान कुठं खाजवला की ती डोळे मिटते, फटाक्यांच्या दिवसांत कुठं लपते, भाकरी कशी कुस्करायची. ती वहीत लिहून घेत होती. नंतर मी पट्टा तिच्या हातात दिला आणि मागं न बघता गेटवर आलो. बघितलं असतं तर झेलम उठून आली असती.

त्याच संध्याकाळी रंगा माझ्या क्वार्टरवर आला. मी दारातल्या पायरीवर बसलो होतो. शालन बाहेर आली, तिनं त्याला पाहिलं आणि पाण्याचं न विचारता आत गेली. तिच्या हातून घरी आलेल्या माणसाला पाणी चुकलं, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बस म्हणणार न्हाईस?" रंगा म्हणाला.

"उभा ऱ्हा."

"चुकलं माझं." त्यानं टोपी हातात घेतली होती, ती तो फिरवत राहिला. "तू गेलास आन् ती दिसभर भुकायला लागली. क्वार्टरातली माणसं वरडायची. माझ्या घराचं बांधकाम चालू, मी तिकडं जायचो. ड्यूटी सोडून. म्हटलं दोन दिस हाड चघळत गप पडंल."

"दाढ कधी मोडली?"

"तू यायच्या आधी चारपाच दिस. तोंडातनं थोडं रगत आलं. मी हाड नाल्यात टाकलं. वाटलं, भरून यील."

"दात भरून येतो व्हय रं?"



"मग सूज आली," तो म्हणाला. "साहेबांनी इचारलं. हाडाचं सांगितलं असतं तर ड्यूटी सोडल्याचं निघालं असतं. माझी नोकरी गेली असती, आनंदा. पोरं ल्हान हायत. मला वाटलं, तुला काय, कुत्रं सुटंल, गेट ड्यूटी लागंल, नोकरी तर ऱ्हाईल. तू शिनियर. तुझं निभलं असतं."

"आन् तिचं?"

"कुणाचं?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याला खरंच कळलं नव्हतं मी कुणाचं विचारतोय ते. जबाबाचा राग मी एकवेळ गिळला असता. माणूस घाबरला की काहीही बोलतो, पोलिसात तर हे रोज बघतो आम्ही. पण त्याच्या त्या प्रश्नानं माझ्या अंगाचा भडका उडाला.

"मी तिला मारलं, ते त्याच सांजंला तुला येऊन सांगितलं," मी म्हणालो. "तू म्हैनाभर माझ्या शेजारी उभा हुतास. रोज सकाळी. ती तुकडा उचलायची, खाली ठेवायची. तू बघत हुतास. तुला ठावं हुतं. आन् मला म्हणालास, रुसलीय."

"सांगितलं असतं तर तू मला मारलं असतंस."

"मारलं असतं," मी म्हणालो. "आन् मग तिला दवाखान्यात घेऊन गेलो असतो."